चार आण्याचं नाणं, बारा आण्याचा गोंगाट

इंग्लंडातल्या एखाद्या नांगरलेल्या शेतात रविवारी सकाळी लष्करी ठिपक्यांचे कपडे घातलेला, गुडघ्यांना पट्टे बांधलेला आणि कमरेला फावडं लटकवलेला साठीचा गृहस्थ दिसला, तर युद्ध सुरू झालं असं समजू नये. तो नाणी शोधायला निघालेला असतो. रोमन नाणं सोळाशे वर्षं एकाच जागी पडून आहे, आपल्याला पाहून ते पळ काढणार नाही, हे त्याला पक्कं ठाऊक असतं. तरी कपडे शिकाऱ्याचेच. कानांवर हेडफोन चढवून, हातातला मेटल डिटेक्टर पुढे धरून, इतिहासाला जाब विचारायच्या थाटात तो बटण दाबतो. आणि यंत्र बोंबलायला लागतं.

अजून कॉइल जमिनीजवळ गेलेलीही नसते.

"काही सापडलं का रे?" लांबून सोबती विचारतो.

"नाही. यंत्र बोलतंय."

"काय म्हणतंय?"

"सगळंच म्हणतंय. सोनं, चांदी, तांबं, खिळा. आकाशाकडे धरलं तरी म्हणतंय."

या प्रकाराला शास्त्रज्ञ विद्युतचुंबकीय व्यत्यय म्हणतात. छांदिष्ट मंडळी काय म्हणतात ते छापण्याजोगं नाही.

बिचाऱ्या यंत्राचं काम मुळात अवघड. त्याच्या गोल कॉइलमध्ये तारेची दोन वेटोळी असतात. एक वेटोळं सेकंदाला हजारो वेळा दिशा बदलणारं चुंबकीय क्षेत्र जमिनीत सोडतं. वाटेत धातू आला की त्यात बारीकसे प्रवाह फिरू लागतात, त्या प्रवाहांचं स्वतःचं चिमुकलं क्षेत्र तयार होतं आणि दुसरं वेटोळं ते टिपतं. आता जाताना हे क्षेत्र अंतराच्या घनाच्या प्रमाणात क्षीण होतं आणि परत येताना पुन्हा तेवढंच. म्हणजे नाणं दुप्पट खोल असेल तर त्याची हाक निम्मी नव्हे, चौसष्टावा हिस्सा उरते. वरातीत बेंजोच्या गाडीसमोर उभं राहून नवरीच्या मावशीने कानात सांगितलेलं गुपित ऐकावं, तसं हे काम आहे. मावशी आधीच हळू बोलते, आणि बेंजोवाल्याला थांबवण्याचा अधिकार आपल्याकडे नसतो.

यंत्रावर सेन्सिटिव्हिटी नावाचं एक बटण असतं. ते कमी केलं की कुरकुर बरीचशी थांबते, हे पुस्तिकेत लिहिलेलं असतं. पण पुस्तिका वाचणारा माणूस हा छंद धरत नाही. या गृहस्थाच्या लेखी सेन्सिटिव्हिटी कमी करणं म्हणजे भर पंगतीत स्वतःहून अर्धी पोळी मागणं. आठशे पौंड मोजून आणलेलं यंत्र निम्म्यावर चालवायचं? शेजारच्या शेतात तो दुसरा पूर्ण सेन्सिटिव्हिटीवर खणत असताना?

खरं तर गणित बटण कमी करण्याच्या बाजूचं आहे, फक्त ते त्याला कोणी सांगितलेलं नसतं. सहाव्या घाताचा तो निर्दय नियम उलट्या दिशेनेही लागतो. यंत्राचा कान निम्मा बधिर केला तर खोली निम्मी होत नाही, जेमतेम अकरा टक्क्यांनी घटते. 25 सेंटिमीटरवरचं नाणं ऐकू येत असेल, तर आता 22 वरचं येईल. उलट आजूबाजूचा गोंगाट दसपट वाढला, तर त्याच्यावर मात करून ऐकू येणारं नाणं फार तर 17 सेंटिमीटरवरचं. म्हणजे तीन सेंटिमीटर वाचवायला निघालेला माणूस आठ घालवून बसतो आणि वर अभिमानाने सांगतो, "आपण बुवा पूर्णवर चालवतो."

त्याच्या तोंडची खोली हा वेगळाच विषय आहे. नाणं हातभर खोल होतं असं तो सांगतो तेव्हा नाणं खड्ड्याच्या कडेला वीतभर अंतरावर असतं आणि हातभर खोल असतो तो खड्डा. नाणं कधीच बाहेर उडून मातीच्या ढिगात पडलेलं असतं, तरी तो खणतच राहतो. मोजपट्टी मात्र प्रामाणिकपणे तळापासून धरली जाते.

बटणाला हात लावायचा नाही असं ठरलं की उरतो गुन्हेगाराचा शोध, आणि संशयितांची यादी लांबलचक निघते.

पहिला संशय डोक्यावरून जाणाऱ्या विजेच्या तारांवर. तो रास्तच असतो. तारांमधला प्रवाह सेकंदाला 50 आवर्तनं करतो, आणि त्याच्या पटीतल्या कंपनांचा सगळा गोतावळा यंत्राच्या कानापर्यंत पोचतो. गृहस्थ तारांपासून दूर सरकतो, तर कुंपण आडवं येतं. गुरांसाठी लावलेल्या विद्युत कुंपणातून दर सेकंदा-दीड सेकंदाला एक ठोका जातो, आणि यंत्र त्या प्रत्येक ठोक्याला मान डोलावतं. नवशिक्याला वाटतं, कुंपणालगत कोणीतरी ओळीने नाणी पेरून ठेवली आहेत. तो भक्तिभावाने खणत जातो. गाई कुंपणापलीकडे उभ्या राहून हे पाहतात.

कुंपण सुटलं की शंका वर जाते. छंदाची बहुतेक यंत्रं साधारण 5 ते 40 किलोहर्ट्झच्या पट्ट्यात चालतात, आणि नेमक्या याच पट्ट्यात जगातली नौदलं पाण्याखालच्या पाणबुड्यांना निरोप धाडतात, कारण इतक्या मंद लहरीच समुद्राच्या पाण्यात थोड्याफार आत शिरू शकतात. ब्रिटनमध्ये कंब्रियातल्या अँथॉर्नचं केंद्र 19.6 किलोहर्ट्झवर बोलतं. आपल्याकडे तमिळनाडूतल्या तिरुनेलवेलीजवळ आयएनएस कट्टबोम्मन हेच काम करतं. अटलांटिकच्या पोटातल्या अण्वस्त्रधारी पाणबुडीसाठी निघालेला गुप्त आदेश वाटेत एका निवृत्त पोस्टमास्तरच्या हेडफोनमध्ये शिरतो, आणि तो चिडून म्हणतो, "हा खिळाच दिसतोय!"

याहून लांबचे गुन्हेगारही आहेत. आकाशातली वीज चमकते तेव्हा याच पट्ट्यात रेडिओलहरींचा धुरळा उडतो आणि तो हजारो किलोमीटर पसरतो. इथे लख्ख ऊन, आणि यंत्र मात्र समुद्रापलीकडच्या वादळाचं रडगाणं गातं. पावसाचं निमित्त करून रविवारी घरी बसता येतं; परदेशातल्या पावसाचं निमित्त करून शेतातून परतलेला माणूस जगात फक्त याच छंदात सापडेल.

यावर उपाय असतात. एक म्हणजे कॉइल उभी धरून हळूहळू चहूकडे वळवायची. व्यत्यय ज्या दिशेने येतो त्यानुसार आवाज वाढतो किंवा मावळतो. दुरून पाहणाऱ्याला मात्र वाटतं, गृहस्थ दाही दिशांना ओवाळतोय. दुसरा उपाय कंपनसंख्या किंचित सरकवण्याचा. आधुनिक यंत्रं बटण दाबताच स्वतःच शांत पट्टी हुडकून काढतात. त्या अर्ध्या मिनिटात कॉइल स्थिर धरायची असते. तेवढ्यात माणसाच्या नाकावर माशी बसते.

तिसरी परीक्षा सर्वांत सोपी. कॉइल जमिनीपासून उंच उचलायची. आवाज थांबला तर दोष मातीतल्या खनिजांचा, चालूच राहिला तर हवेतल्या लहरींचा. गृहस्थ उचलतो. आवाज चालूच. तो दहा पावलं पुढे जातो, आवाजही येतो. झाडाआड जातो, आवाजही जातो.

"खिशात मोबाइल आहे का?" सोबती विचारतो.

"आहे. पण तो माझा आहे."

इथे या छंदाचं आणि एकूणच मनुष्यप्राण्याचं दुखणं उघडं पडतं. वीजमंडळ, नौदल, शेतकरी, हवामान, सगळे दोषी ठरवून झाल्यावर तपास स्वतःच्या खिशापर्यंत पोचतो. खिशात मोबाइल, मनगटावर हुशार घड्याळ, छातीवर कॅमेरा, कानावर बिनतारी हेडफोन, पाठीवरच्या पिशवीत चार्जिंगची बॅटरी. इतकी उपकरणं अंगावर वागवणाऱ्या माणसाला शांतता कुठल्या शेतात मिळणार? शिवाय बुटांच्या टोकात पोलादी टोप्या. कॉइल डावीकडे गेली की डावा बूट वाजतो, उजवीकडे गेली की उजवा. दोन्ही पायांखाली रोमन खजिना असल्याच्या आनंदात कित्येकांनी पहिला तास काढलेला असतो.

अर्थात ओरडणारा व्यत्यय परवडला. घात करतो तो मुका व्यत्यय. नव्या यंत्रांतल्या गाळण्या इतक्या तरबेज असतात की हवेतला गोंगाट त्या कानापर्यंत येऊच देत नाहीत. मात्र गोंगाटाबरोबर नाण्याची बारीक हाकही गाळली जाते. यंत्र शांत, गृहस्थ प्रसन्न. "आज काय सुरेख चालतंय!" म्हणत तो दिवसभर चालतो, आणि त्याच्या पावलांखाली वीस सेंटिमीटरवर बिनबोभाट इतिहास पडून राहतो. संध्याकाळी तो निर्वाळा देतो की या शेतात काही नाही. पुढच्या महिन्यात तिथेच दुसऱ्या कोणाला चांदीची नाणी मिळतात, तेव्हा मात्र तो शेतकऱ्यावर घसरतो.

मुक्या व्यत्ययाला पकडायचं तर ठरावीक खोलीवर नाणं पुरून ते ऐकू येतं का हे पाहावं लागतं. म्हणून अनेक छांदिष्ट घरच्या बागेत वेगवेगळ्या खोल्यांवर नाणी पुरून ठेवतात. हा प्रयोग शास्त्रशुद्ध आहे, पण घरच्यांना तो समजावून सांगणं कठीण जातं.

"तू पैसे पुरतोयस?"

"हो. म्हणजे मग ते शोधता येतात."

"आणि नाही सापडले तर?"

"तर यंत्रात दोष आहे हे कळेल."

"आणि पैसे?"

या प्रश्नाला शास्त्राकडे उत्तर नाही. त्यातून बागेच्या दोन्ही बाजूंना घरं, घरांत एलईडी दिवे, टीव्ही, चार्जर, वायफाय. प्रत्येकाच्या पोटात विजेची चिरफाड करणारं छोटं सर्किट. मग चांगलं यंत्रही वीतभर खोलीवरच्या नाण्यावरून मुकाट्याने निघून जातं. गृहस्थ यंत्र परत पाठवतो. दुकानदार मोकळ्या माळावर ते तपासतो, उत्तम चालतं म्हणून पुन्हा पाठवून देतो. यंत्राचा प्रवास होतो, पुरलेलं नाणं तिथेच राहतं. वर कोबी लावला जातो.

गंमत अशी, की हे यंत्र जन्मालाच व्यत्ययातून आलं. गेरहार्ड फिशर हा जर्मनीहून अमेरिकेत गेलेला अभियंता रेडिओलहरींवरून दिशा ओळखणाऱ्या उपकरणांवर काम करत होता. जवळपास धातू किंवा खनिजाचे साठे असले की उपकरण दिशा चुकीची सांगे. दुसरा कोणी कपाळाला हात लावून बसला असता. फिशरने ती चूकच विकायला काढली, आणि 1937 साली धातुशोधकाचं पेटंट त्याच्या नावावर झालं. दिशा शोधणाऱ्याचा वैताग हा नाणी शोधणाऱ्याचा खजिना ठरला. आता नाणी शोधणाऱ्याचा वैताग कोणाच्या कामी येतो, ते कळायचं आहे.

त्याही आधी, 1881 साली, टेलिफोनवाल्या अलेक्झांडर ग्रॅहम बेलने या व्यत्ययाचा पहिला मोठा फटका खाल्ला होता. 2 जुलैला वॉशिंग्टनच्या रेल्वे स्टेशनात अमेरिकेचे अध्यक्ष जेम्स गारफील्ड यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. एक गोळी शरीरात अडकून राहिली. ती कुठे आहे ते कोणालाच कळेना. बेलने घाईघाईने एक धातुशोधक जुळवला, यादवी युद्धात गोळ्या लागलेल्या जुन्या सैनिकांवर तपासून पाहिला आणि व्हाइट हाउस गाठलं. उपचार करणाऱ्या डॉक्टरांचं आडनाव ब्लिस, आणि आईवडिलांनी ठेवलेलं पाळण्यातलं नावच 'डॉक्टर'. म्हणजे डॉक्टर डॉक्टर ब्लिस. इतक्या डॉक्टरकीपुढे बेलचं काय चालणार? गोळी उजवीकडेच आहे असं ब्लिसांनी ठरवून टाकलं होतं, म्हणून शोधही उजवीकडेच घ्यायचा.

बेलने शोध घेतला. यंत्र वाजलं, पण एका जागी नव्हे, बऱ्याच मोठ्या भागात वाजलं. अध्यक्षांच्या अंगभर गोळ्या असल्याची शक्यता कमी होती. नंतर उलगडा झाला की वरच्या गादीखाली पोलादी तारांची दुसरी गादी होती. बेलचं यंत्र चोख काम करत होतं. ते राष्ट्राध्यक्षांच्या पलंगाची माहिती देत होतं. गारफील्ड 19 सप्टेंबरला वारले, आणि शवविच्छेदनात गोळी डावीकडे सापडली. आजचा गृहस्थ पोलादी टोपीचे बूट घालून शेतात नाचतो, तेव्हा त्याच्यामागे दीडशे वर्षांची परंपरा उभी असते.

व्यत्ययाच्या तावडीतून सुटलेला सिग्नल तरी सोन्याचा असावा? पेयांच्या डब्यांची ओढून काढायची कडी अमेरिकेत 1960च्या दशकात आली, आणि लोकांनी ती जगभरच्या समुद्रकिनाऱ्यांवर, मैदानांवर आणि शेतांत मुक्तहस्ते टाकली. या ॲल्युमिनियमच्या कडीची आणि बऱ्याच सोन्याच्या अंगठ्यांची विद्युत ओळख यंत्राला जवळजवळ सारखीच वाटते. कड्या नकोत म्हणून यंत्राला तसं सांगितलं, तर अंगठीही गेली. अंगठी हवी, तर आयुष्यभर कड्या खणा. स्वाभिमानी छांदिष्ट खणत राहतो आणि प्रत्येक कडीला पहिल्या क्षणी रोमन दागिनाच समजतो. काही जण तर कडी पाहून तिचा काळ सांगतात. बीबीसीच्या 'डिटेक्टरिस्ट्स' या मालिकेने 2014 पासून ही जमात घराघरांत पोचवली. त्यातल्या वीरांच्या हातीही बहुतेक वेळा कचराच लागतो, आणि खऱ्या छांदिष्टांनी ती मालिका अगदी वास्तववादी असल्याचं मानलं.

आणि तरीही कोणालातरी सापडतंच, हे या छंदाचं खरं व्यसन. 1992 च्या नोव्हेंबरात सफकमधल्या हॉक्सन गावच्या शेतकऱ्याचा हातोडा शेतात हरवला. त्याने डिटेक्टर बाळगणाऱ्या एका निवृत्त माळ्याला बोलावलं. हातोडा शोधता शोधता मिळाली जवळजवळ 15 हजार रोमन नाणी, सोन्याचे दागिने आणि चांदीचे चमचे. माळ्याने स्वतः सगळं न उकरता तज्ज्ञांना बोलावलं. साडेसतरा लाख पौंडांचं बक्षीस मिळालं. हातोडाही सापडला, आणि आज तोही ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. ज्याने हातोडा हरवल्याबद्दल घरी बोलणी खाल्ली असतील, त्याचा हातोडा रोमन सम्राटांच्या पंगतीत जाऊन बसला. 2009 साली स्टॅफर्डशरमध्ये जवळपास 33 लाख पौंडांचा अँग्लो-सॅक्सन सोन्याचा साठा मिळाला. ज्या यंत्राने तो शोधला ते जुन्या सामानाच्या बाजारात अडीच पौंडांना घेतलेलं होतं, असं वर्तमानपत्रांत आलं. ती बातमी वाचून आठशे पौंडांचं यंत्र असलेल्या किती माणसांनी रात्री बायकोची नजर चुकवली असेल!

सापडल्यावरही सुटका नाही. ब्रिटनच्या 1996 च्या कायद्याप्रमाणे खजिना सापडला की चौदा दिवसांत कॉरोनरला कळवावं लागतं. कॉरोनर म्हणजे संशयास्पद मृत्यूंची चौकशी करणारा अधिकारी. मृतदेह आणि सोनं दोन्ही त्याच्याच टेबलावर. आपल्याकडचा 1878 चा कायदा तर याहून काटेकोर: दहा रुपयांहून जास्त किमतीचं गुप्तधन मिळालं की जिल्हाधिकाऱ्यांना कळवा. अमलात शब्दशः आणला, तर चहाच्या टपरीमागे खणणाऱ्याला दिवसातून दोनदा कलेक्टर कचेरी गाठावी लागेल.

महाराष्ट्रात मुळात यंत्राची गरजच भासली नाही. गुप्तधन शोधायला आपल्याकडे पायाळू माणूस असे; पायाकडून जन्मला, की त्याला जमिनीखालचं दिसतं अशी समजूत. त्याला बॅटरी लागत नाही, मोबाइलचा त्रास होत नाही, आणि नाही सापडलं तर धन सरकलं असं सांगण्याची सोय आहे. यंत्राला मात्र सह्याद्रीचा बेसाल्ट अवघडच. त्या काळ्या कातळात लोहचुंबकी खनिजं ठासून भरलेली, त्यामुळे जमीन स्वतःच वाजायला लागते.

या सगळ्यावर कळस चढतो तो मेळाव्यात. इंग्लंडात शेकडो डिटेक्टरवाले वर्गणी भरून एकाच शेतात उतरतात. सगळ्यांची यंत्रं जवळपास एकाच पट्टीत गाणारी, म्हणून प्रत्येकाचं यंत्र शेजाऱ्याचं यंत्र ऐकतं. जाणते लोक अंतर ठेवा म्हणून बजावतात. पण एकाने वाकून काही उचललं की बाकीचे हवापाण्याच्या गप्पा मारत त्याच्याच दिशेने सरकू लागतात. उचललेली वस्तू त्याचीच पडलेली चावी असते.

अशाच सरकासरकीत दोघे समोरासमोर येतात. दोघांची यंत्रं एकाच कंपनीची, एकाच मॉडेलची. दोघांनाही अचानक तुटक, खोलवरून आल्यासारखा सिग्नल मिळतो.

"इथे काहीतरी आहे," पहिला म्हणतो.

"मलाही वाजतंय. फार खोल आहे."

"मोठंही असणार."

दोघे खणू लागतात. ढोपरभर होतं, कमरेपर्यंत होतं. थकून एक जण विसाव्यासाठी यंत्र बंद करतो, तर दुसऱ्याचा सिग्नल जातो. "गेला!" तो हळहळतो. पहिला धीर द्यायला यंत्र पुन्हा सुरू करतो. सिग्नल परत येतो. पुन्हा फावडी चालू होतात. शेतकरी ट्रॅक्टरवरून उतरून खड्ड्याच्या काठाशी येतो आणि आत डोकावतो.

"काय सापडलं?"

"अजून नाही, साहेब. पण सिग्नल पक्का आहे."

"बरं. सोमवारी इथे पेरणी आहे. जाताना बुजवून जा."